बांध रुंद ठेवा, त्यावर गवत राहू द्या

मृगाच्या तोंडावर शिवारात बहुतेक रानं उघडी असतात. नांगरट झालेली, कुळवाच्या पाळ्या दिलेल्या, धसकटं वेचलेली. शेतकऱ्याच्या नजरेला असं रान देखणं वाटतं, पण वर्षातली सर्वांत जास्त माती याच दोन-तीन आठवड्यांत जाते. पीक अजून उगवायचं असतं आणि वळवाचा थेंब जाड असतो. तो ढेकळावर आपटला की ढेकूळ फुटतं, बारीक कण पाण्यात मिसळतात, जमिनीची छिद्रं बुजतात आणि वर पापडी धरते. मग पुढचं पाणी मुरायचं सोडून पळायला लागतं. सांडव्यातून चहाच्या रंगाचं पाणी निघालं, की त्यात आपण उन्हाळ्यात पसरलेलं शेणखतही असतं, हे लक्षात घ्यावं.

किती माती जाते? डेहराडूनच्या केंद्रीय मृद व जलसंधारण संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ ध्रुवनारायण आणि राम बाबू यांनी १९८३ साली देशभराचा हिशेब मांडला. सरासरी निघाली वर्षाला हेक्टरी १६.३५ टन. एकरावर आणलं तर साडेसहा टनांच्या वर, म्हणजे ट्रॅक्टरच्या भरलेल्या दोन ट्रॉल्या. जाडीत मोजलं तर जेमतेम सव्वा मिलिमीटर, म्हणून डोळ्यांना काही दिसत नाही. या वेगाने इंचभर माती जायला वीस वर्षं पुरतात. ही देशाची सरासरी आहे, ढाळाच्या रानात आकडा याहून वर जातो. त्याच हिशेबात आणखी एक गोष्ट आली होती: वाहिलेल्या मातीपैकी सुमारे २९ टक्के समुद्राला मिळते, १० टक्के धरणांत बसते आणि उरलेली एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकते. म्हणजे बरीचशी माती आपल्या खालच्या वावरात, ओढ्यात नाहीतर तळ्यात गेलेली असते.

आपल्याकडे या प्रश्नाचा अभ्यास नवा नाही. पुण्याजवळ मांजरीला १९२३ साली आणि सोलापूरला १९३३ साली कोरडवाहू शेतीचं संशोधन सुरू झालं. ना. वि. कानिटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उतारावर वाफे आखून पावसाचं किती पाणी वाहतं आणि सोबत किती माती नेतं, हे मोजलं. बांधबंदिस्ती, आडवी मशागत, शेणखत, विरळ पेरा ही कोरडवाहू शेतीची जी पद्धत आपले आजोबा-पणजोबा सांगत आले, ती या केंद्रांतूनच शास्त्रशुद्ध होऊन गावोगाव गेली.

मात्र नुसत्या मातीच्या बांधाला एक मर्यादा आहे आणि भारी काळ्या रानातल्या माणसाला ती पाठ आहे. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते, तसा बांधही भेगाळतो. पहिलं मोठं पाणी बांधाला टेकलं की त्या भेगेतून शिरतं, आतून माती ओढतं आणि बांध फुटतो. फुटला नाही तर पाणी आठ-आठ दिवस तुंबतं, बांधाच्या वरच्या अंगाला चिबड होते, तूर पिवळी पडते. गवत पाण्याला अडवत नाही, ते पाण्याचा वेग मोडतं. पाणी पात्यांतून झिरपून पुढे जातं आणि माती मागे राहते. मुळांनी बांध आवळलेला असेल तर भेगही रुंदावत नाही.

आणि आपण करतो काय? दर वर्षी ट्रॅक्टरवाल्याला सांगतो, ‘बांधाला खेटून घे.’ फाळ दर हंगामात थोडा-थोडा आत शिरतो. दहा वर्षांत पाच फुटी बांधाचा दीड फूट उरतो, दोन घरांचं बोलणं बंद होतं, प्रकरण मोजणीपर्यंत जातं. या कोरलेल्या पट्ट्यात मिळतं काय, तर ज्वारीचे दोन तास. आता त्यात तणनाशकाची भर पडली आहे. बांधावर तण नको म्हणून ग्लायफोसेट मारायचं, पंधरा दिवसांत बांध करपून पांढरा पडतो आणि नेमका तेव्हाच पाऊस येतो. स्पष्टच सांगतो, बांधावर तणनाशक मारण्याइतकं तोट्याचं काम शेतात दुसरं नसेल. गवत वाढलं म्हणून अडचण होत असेल तर विळ्याने कापा आणि गोठ्यात टाका.

वाळ्याची ओळ

बांधासाठी एकच गवत निवडायचं असेल तर मी वाळा सुचवेन. उन्हाळ्यात माठात टाकतो तोच, खस. जॉन ग्रीनफिल्ड यांनी १९५०च्या दशकात फिजी बेटांवर उसाच्या उतारांवर त्याच्या ओळी लावल्या. प्रत्येक ओळीमागे माती साठत गेली आणि उतारावर आपोआप पायऱ्या पडल्या. पुढे १९८०च्या दशकात ते आणि रिचर्ड ग्रिमशॉ जागतिक बँकेच्या कामानिमित्त भारतात होते, तेव्हा त्यांनी हीच पद्धत इथल्या पाणलोटांत आणली. गंमत अशी, की कर्नाटकात म्हैसूरजवळच्या गुंडलुपेट भागातले शेतकरी कित्येक पिढ्यांपासून वाळ्याचेच बांध राखत आले होते. त्यांना कोणी प्रकल्प दिला नव्हता. शेताची हद्द हलू नये एवढाच त्यांचा हेतू होता, आणि वाळा एकदा रुजला की जागचा हलत नाही.

याचं कारण मुळांत आहे. वाळ्याची मुळं आडवी पसरत नाहीत, सरळ खाली जातात, चांगल्या जमिनीत दोन-तीन मीटर. म्हणून शेजारच्या पिकाशी त्याची भांडणं कमी. दक्षिण भारतातल्या लागवडीच्या वाळ्याला उगवणारं बी धरत नाही, त्यामुळे तो हरळीसारखा रानभर होईल ही भीती नको. ठोंब घेताना मात्र एवढी खात्री करून घ्या, कारण उत्तरेकडचा रानटी वाळा बी टाकतो.

लावायची वेळ जूनअखेर ते जुलै. जमीन वीतभर खोल ओली झाल्याशिवाय हात लावू नका. जुना ठोंब कुदळीने उपटून फोडायचा, दोन-तीन फुटव्यांचा एक गड्डा करायचा, पाती वीतभर ठेवून छाटायची आणि मुळं चार बोटं ठेवायची. समपातळीवर नांगराने एक सरी ओढा आणि तिच्यात चार ते सहा इंचांवर गड्डे लावून पायाने दाबा. अंतराच्या बाबतीत हात आखडता घेऊ नका. ठोंब महाग पडतात म्हणून फूट-फूट अंतरावर लावलेली ओळ काहीच कामाची नाही, कारण पाणी फट शोधतं आणि सगळं त्या एका फटीतूनच धावतं. तेवढे ठोंब नसतील तर यंदा अर्धीच ओळ लावा, पण दाट लावा. तीन आठवड्यांनी फिरून मेलेल्या जागी नवे गड्डे भरा.

समपातळी काढायला मोठं यंत्र लागत नाही. गवंड्याची पाणी भरलेली लेव्हलनळी पुरते, एक माणूस इकडे, एक तिकडे. ओळ शेताच्या हद्दीला समांतर नसेल, ती वाकडीतिकडी जाईल, तिला जाऊ द्या. दोन ओळींमधला उभा फरक एक ते दोन मीटर ठेवतात. दोन टक्के ढाळाच्या रानात एक मीटर फरक धरला तर ओळी पन्नास मीटरांवर येतात, म्हणजे ट्रॅक्टर फिरवायला अडचण नाही.

पहिल्या वर्षी ओळ जनावरांपासून राखायची. दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात ती भरून येते. पुढे वर्षातून एकदा गुडघ्याच्या खाली छाटली की फुटवे वाढतात. गर्द सावलीत वाळा नीट येत नाही, म्हणून आंब्याखाली लावू नका. मुळांच्या विक्रीसाठी ही ओळ खणायची नाही. मुळं विकायचीच असतील तर त्यासाठी वेगळा वाफा करा.

ज्यांना बांधावरून चारा हवा आहे, त्यांच्यासाठी मारवेल उत्तम. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने त्याचे सुधारित वाण दिले आहेत. ठोंबांची मागणी पावसाआधीच नोंदवा, ऐनवेळी मिळत नाहीत. मारवेलमध्ये स्टायलो फोकला तर द्विदल चारा मिळतो. त्याचं बी टणक असतं. उकळून थोड्या निवलेल्या पाण्यात चार-पाच मिनिटं ठेवून मग रात्रभर साध्या पाण्यात भिजवा.

गायरान आणि माळ

माळ पडीक असतो, हा समज महसुली कागदावरून आपल्या डोक्यात शिरला. सोलापूर, नगर, पुण्याच्या पूर्व भागातला माळ हे मुळातच गवताचं रान आहे. माळढोक नान्नजला राहत होता तो याच गवतामुळे. मुरमाच्या त्या चार बोटं मातीला धरून ठेवायला पवन्या, मारवेल, शेडा यांची मुळं होती. चराई वाढली तशी चांगली गवतं मागे पडली आणि कुसळी माजली. कुसळीचं बी पिकलं की तिची कुसळं मेंढीच्या लोकरीत, ओठात, डोळ्याच्या कडेत रुततात. धनगराला विचारा, तो बोटाने काढून दाखवेल. म्हणून कुसळी फुलोऱ्यात येताच कापायची, कुसळ टणक होईपर्यंत थांबायचं नाही. तेव्हा चाराही चवदार असतो आणि तिचं बी रानात पडत नाही.

पहिल्या पावसापासून बी झडेपर्यंत, म्हणजे साधारण ऑक्टोबरपर्यंत, गायरानाचा निदान एक तुकडा बंद ठेवावा. पुढच्या वर्षी दुसरा. कोवळ्या फुटव्यावर तोंड पडलं की मूळ खोल जात नाही. हिवरे बाजारने चराईबंदी करून गवत कापून न्यायची मोकळीक दिली, त्यामुळे चारा तुटला नाही, उलट वाढला. हा निर्णय ग्रामसभेत मे महिन्यातच व्हायला हवा, आणि मेंढपाळांना त्या बैठकीत बसवूनच. त्यांना न विचारता घातलेली बंदी टिकत नाही. वणवा लावल्याने गवत जोमाने फुटतं असं म्हणणारे प्रत्येक गावात आहेत. फुटतं खरं, पण मधल्या काळात माळ उघडा पडतो आणि पहिल्या वळवात राखेसकट वरची मातीही ओढ्याला लागते.

तळं आणि गाळ

नांदूर मध्यमेश्वर अनेकांनी पक्ष्यांसाठी पाहिलं असेल. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात, तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंधारा झाला. वरच्या खोऱ्यातली माती त्यात बसत गेली, बेटं झाली, उथळ पाणी झालं, पाणवनस्पती आल्या. २०२० साली ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ ठरलं. पक्ष्यांचं भलं झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या पाणथळीखाली जो गाळ आहे, तो नाशिक-दिंडोरीकडच्या रानांचा वरचा थर आहे, एवढं शेतकऱ्याने ओळखावं.

गावतळ्यातला गाळ उचलायचा असेल तर पावसाआधीचे थोडेच दिवस हातात आहेत. गाळ मुरमाड, हलक्या रानात टाका. भारी काळ्या रानात टाकला तर निचरा आणखी बिघडतो. आधी त्याचं परीक्षण करून घ्या, क्षार किंवा चुनखडी जास्त असेल तर तो घेऊ नका. ढीग तसाच ठेवला तर पहिल्या पावसात चिखल होऊन बसतो, म्हणून आणताच पसरून उन्हात वाळवा आणि कुळवाने मिसळा. पोकलेन लावताना तळ्याचा काठ खरवडू देऊ नका. लव्हाळा, पाणकणीस, काठावरचं गवत हीच तळ्याची गाळणी आहे. ती गेली की काढलेला गाळ तीन-चार पावसाळ्यांत परत येतो. ओढ्याच्या दोन्ही अंगांना तीन-चार मीटर पट्टा न नांगरता सोडावा. शेततळ्याच्या तोंडाशी लहानसा गाळखड्डा करून त्याच्यापुढे वाळ्याची एक ओळ लावली, तर तळं दर वर्षी उपसायला लागत नाही.

पेरणी उताराला आडवीच करा. रान लांबोडकं असलं आणि ट्रॅक्टरला वळणं जास्त पडत असली तरीही. सोयाबीनला रुंद वरंबा सरी जमत असेल तर उत्तम. आणि पहिला मोठा पाऊस उघडला की खोरं घेऊन बांधावरून एक चक्कर मारा. पाणी कुठून ओलांडलं, कुठे ओघळ पडली, ते त्याच दिवशी दिसतं. तिथे खुणेची काठी रोवा. जुलैत वाळ्याचे गड्डे हातात आले, की पहिले त्या काठीजवळ लावायचे.