आधी कागद, मग पोस्ट

आमच्या नगरपरिषदेच्या कामांबद्दल मी फेसबुकवर नियमित लिहिते. प्रभागातला नवा रस्ता पहिल्याच पावसात उखडला, तेव्हाही लिहिलं. थोड्याच दिवसांत ठेकेदाराच्या वकिलाची नोटीस आली: पोस्ट काढा, जाहीर माफी मागा, नाहीतर अब्रूनुकसानीचा दावा लावू. घरचे घाबरले. ‘कशाला नसती ब्याद, काढून टाक,’ असं सासूबाईंनीही सांगितलं. मी पोस्ट काढली नाही, कारण तिच्यातल्या प्रत्येक विधानाला कागदाचा आधार होता. त्या कागदांच्या प्रती जोडून वकिलांमार्फत उत्तर पाठवलं आणि प्रकरण तिथेच थांबलं. त्याच रस्त्याबद्दल ‘ठेकेदारानं पैसे खाल्ले’ असं लिहिणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांना मात्र कोर्टाच्या तारखा सुरू झाल्या. म्हणून हे सविस्तर सांगते आहे.

बरेच जण म्हणतात, आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुरासाठी अटक करता येणारं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६ अ कलम गेलं, आता काहीही लिहा. २०१२ साली पालघरच्या दोन तरुणींना मुंबई बंदबद्दलच्या एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली होती. एकीनं ती लिहिली होती, दुसरीनं ती लाइक केली होती. त्यातून उभ्या राहिलेल्या श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ रोजी ते कलम रद्द केलं. हा मोठा विजय होता. पण अब्रूनुकसानीचा गुन्हा कायम आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९-५०० मध्ये होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत होऊ शकते. शिवाय फौजदारी खटल्यात विधान नुसतं खरं असून भागत नाही. ते लोकहितासाठी केलं होतं, हेही दाखवावं लागतं.

म्हणून लिहिण्याआधी माहिती अधिकाराचा अर्ज करा. महाराष्ट्रात अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला की पुरतं. अंदाजपत्रक, कार्यादेश, मोजमाप पुस्तिका आणि अदा केलेली बिलं, अशी नेमकी नावं घालून कागद मागा. ‘रस्त्याची सर्व माहिती द्या’ असं मोघम लिहिलं की उत्तरही मोघम येतं. फाईल प्रत्यक्ष पाहण्याचा आणि कामात वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्कही याच कायद्यानं दिला आहे. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, तर प्रथम अपील करा.

लिहिताना पाहिलेलं आणि वाटलेलं वेगळं ठेवा. ‘मोजमाप पुस्तिकेत जाडी इतकी नोंदवली आहे, जागेवर आम्ही मोजली ती इतकी भरली’ हे लिहा. ‘चोर’, ‘लुटारू’ हे निष्कर्ष न्यायालयावर सोडा. अधिकाऱ्याच्या कामाबद्दल प्रश्न जरूर विचारा, त्याच्या घरच्यांना मात्र मध्ये ओढू नका. प्रसिद्ध करण्याआधी संबंधितांची बाजू लेखी विचारा आणि जे उत्तर येईल ते छापा. फोटोची मूळ फाईल जपून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेल्या प्रतीत तारीख-वेळेचा तपशील बहुधा उरत नाही.

दुसऱ्याचा मजकूर पुढे पाठवणाऱ्यावरही जबाबदारी येऊ शकते, हे विसरू नका. ग्रुप अ‍ॅडमिनला मात्र थोडा दिलासा आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सांगितलं, की सदस्यानं टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, दोघांचा समान हेतू दिसल्याशिवाय, नुसत्या अ‍ॅडमिनला दोषी धरता येत नाही.

वकिलाची नोटीस आलीच, तर ती म्हणजे शिक्षा नव्हे. घाईनं पोस्ट काढू नका, रागानं नवी टाकूही नका. आधी पोस्टचा दुवा, तारीख आणि सगळे कागद वकिलाला दाखवा. चूक खरोखर आढळली तर ती उघडपणे दुरुस्त करा. त्यानं तुमचा शब्द हलका होत नाही.

हे सगळं वाचून कुणी लिहिणं थांबवलं, तर मला वाईट वाटेल. रस्ता लोकांच्या पैशानं होतो आणि त्याचा हिशेब मागणं हे नागरिकाचं कामच आहे. कायदा नीट समजून घेतला की तो हिशेब निर्धास्तपणे मागता येतो.