विजयमंच आणि राष्ट्रगीत

ऑलिम्पिक स्पर्धेतील पदकप्रदान समारंभ अवघ्या काही मिनिटांचा असतो. तिन्ही विजेत्यांच्या देशांचे ध्वज चढविले जातात. राष्ट्रगीत मात्र केवळ प्रथम आलेल्याच्या देशाचे वाजते. १९५२ साली हेलसिंकी येथे गोळेश्वरच्या खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक पटकावून स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक पदक मिळवून दिले. परंतु वैयक्तिक सुवर्णपदकासाठी ‘जन गण मन’चे सूर घुमण्यास २००८ साल उजाडावे लागले. बीजिंग येथे नेमबाज अभिनव बिंद्रा यांनी तो मान मिळविला. अशा दुर्मीळ सन्मानाचा खरा अर्थ कोणता, हे आपण दोन ऐतिहासिक प्रसंगांतून समजून घेऊ.

पहिला प्रसंग बर्लिनचा, १९३६ सालचा. मॅरेथॉन जिंकणारे सोन की-चुंग कोरियन होते. परंतु कोरिया १९१० पासून जपानच्या अंमलाखाली असल्याने त्यांना जपानी संघातून धावावे लागले. विजयानंतर जपानचे राष्ट्रगीत वाजू लागले, तेव्हा त्यांनी मान खाली घातली आणि विजेत्यास मिळालेल्या ओकच्या रोपाने छातीवरील जपानी चिन्ह झाकले. तिसरे आलेले नाम सुंग-योंग हेही कोरियनच; तेही नतमस्तक उभे होते. कोरियातील ‘दोंग-आ इल्बो’ या वृत्तपत्राने छायाचित्रातील ते चिन्ह पुसून टाकले, म्हणून जपानी राजवटीने ते कित्येक महिने बंद पाडले. विजय ज्याचा, गीत मात्र त्याचे नव्हते.

दुसरा प्रसंग मेक्सिको सिटीचा, १६ ऑक्टोबर १९६८ चा. २०० मीटर शर्यतीत अमेरिकेचे टॉमी स्मिथ पहिले आणि जॉन कार्लोस तिसरे आले. येथे गीत त्यांच्याच देशाचे होते. पण त्या देशात कृष्णवर्णीयांना समान वागणूक नव्हती. आपल्या समाजाचे दारिद्र्य दर्शविण्यासाठी ते बूट काढून, काळे मोजे घालून मंचावर चढले. गीत सुरू होताच माना झुकवून त्यांनी काळा हातमोजा घातलेली मूठ उंचावली. मुखातून एक शब्दही निघाला नाही. त्यांना संघातून काढून स्पर्धेबाहेर घालविण्यात आले.

त्याच मंचावर दुसऱ्या क्रमांकावर ऑस्ट्रेलियाचे पीटर नॉर्मन उभे होते. ते गौरवर्णीय, गीत त्यांच्या देशाचे नव्हते आणि अन्यायही त्यांच्यावर झालेला नव्हता. तरीही मानवी हक्कांच्या चळवळीचा बिल्ला त्यांनी छातीवर लावला. मायदेशी त्यांना टीका सोसावी लागली. २००६ साली त्यांचे निधन झाले, तेव्हा स्मिथ व कार्लोस यांनी त्यांच्या शवपेटीला खांदा दिला. २०१२ साली ऑस्ट्रेलियाच्या संसदेने त्यांची क्षमा मागितली.

आम्हांस वाटते, राष्ट्रगीत हे राष्ट्राने प्रत्येक नागरिकास दिलेले समान प्रतिष्ठेचे वचन आहे. ते वचन पाळले जात नसेल, तर गीत ऐकणाऱ्याची मान अभिमानाने वर होत नाही. सोन यांच्या बाबतीत ते वचन उशिरा का होईना फळास आले. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये, पंचाहत्तरी गाठलेले सोन स्वतंत्र कोरियाच्या भूमीवर मशाल घेऊन क्रीडांगणात धावले.

आपल्या मुलांना राष्ट्रगीतासाठी ताठ उभे राहण्यास आपण शिकवितोच. शेजारी उभ्या असलेल्यालाही तितक्याच ताठ मानेने उभे राहता यावे, यासाठी झटणे हा त्याच धड्याचा उत्तरार्ध होय. नॉर्मन यांनी तो आचरणातून शिकविला.