गाडी स्टार्ट होत नाही : आधी तपासा, मग पार्ट बदला

पनवेलजवळच्या कोन परिसरातून जुना मुंबई-पुणे महामार्ग जातो. २००२ साली पूर्ण झालेला द्रुतगती मार्गही जवळच आहे. अशा ठिकाणी बंद गाडी घेऊन येणारे गिऱ्हाईक बहुधा वाटसरू असते. त्याला घाई असते, इंजिनची माहिती नसते. अशा वेळी अंदाजाने बॅटरी, सेल्फ, पंप बदलत जाणे म्हणजे त्याच्या खर्चाने आपण शिकणे होय.

कारागीर बंधूंनो, पहिला प्रश्न एकच : चावी फिरवल्यावर इंजिन फिरते की नाही?

फिरत नसेल तर हेडलाइट लावून सेल्फ मारा. लाइट मंद झाली तर दोष बहुधा बॅटरीत किंवा टर्मिनलमध्ये आहे. पूर्ण चार्ज बॅटरी मीटरवर सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. चार्ज असूनही सेल्फ मारताना ती ९.६ च्या खाली गेली तर बॅटरी कमजोर समजा. कोकणच्या दमट हवेत टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी जमते. गरम पाणी व खाण्याच्या सोड्याने ती धुवा. निगेटिव्ह वायर आधी काढा, शेवटी जोडा. लाइट प्रखर राहून नुसता 'टक' आवाज आला तर अर्थ वायर, मग सेल्फचा सोलेनॉइड पाहा.

इंजिन फिरते पण पेट घेत नाही, तर पेट्रोल व ठिणगी तपासा. इंजेक्शनच्या गाडीत चावी लावताच पंपाचा गुणगुणता आवाज बहुधा दोन सेकंद येतो. आला नाही तर पंप काढण्याआधी फ्यूज व रिले पाहा. ठिणगी टेस्टरनेच तपासा; वायर उघडी ठेवून सेल्फ मारल्यास कॉम्प्युटर जळू शकतो. मीटरवर चावीचा दिवा लुकलुकत असेल तर दुसरी चावी लावून पाहा. पुष्कळशा सीएनजी गाड्या पेट्रोलवर स्टार्ट होतात, म्हणून टाकीत पेट्रोल आहे ना, ते विचारा. डिझेलमध्ये प्लगची ठिणगी नसते. तिथे फिल्टरमधील पाणी, पाइपातील हवा व हीटर प्लग पाहावा.

दोन वेळी सेल्फ मारूच नका : इंजिन नेहमीपेक्षा हलके, भरभर फिरत असेल (टायमिंग बेल्ट तुटला असू शकतो) आणि गाडी पुराच्या पाण्यात बंद पडली असेल. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि किरकोळ काम इंजिन उघडण्यावर जाते.

मीटरचे आकडे बिलावर लिहा, काढलेला पार्ट गिऱ्हाइकाच्या हाती द्या. परक्या गावचा माणूसही मग पुढच्या वेळी तुमचेच गॅरेज शोधत येईल.