पोटावरची पिशवी कशी निवडावी?

गेल्या उन्हाळ्यात एका शेतकरी गृहस्थांना त्यांच्या मुलाने आधार देत दवाखान्यात आणले. जीभ कोरडी पडलेली, डोळे खोल गेलेले, लघवी दिवसातून जेमतेम एकदा. तीन महिन्यांपूर्वी आतड्याची शस्त्रक्रिया होऊन त्यांच्या पोटावर शौचाची पिशवी लावली होती. पिशवी सारखी गळायची, धोतर खराब व्हायचे. म्हणून त्यांनी जेवण अर्ध्या भाकरीवर आणले आणि पाणी जवळजवळ तोडले. पोटात काही गेलेच नाही तर बाहेर येणार नाही, असा त्यांचा हिशेब. सलाईन लावल्यावर ते सावरले. पण खरा दोष त्यांच्या खाण्यात नव्हता, पिशवीच्या निवडीत होता.

कर्करोग, आतड्याला पडलेला पीळ, अपघात, विषमज्वर किंवा क्षयामुळे आतड्याला पडलेले छिद्र अशा कारणांनी कधी कधी आतड्याचे तोंड पोटाच्या कातडीवर आणून शिवावे लागते. या तोंडाला 'स्टोमा' म्हणतात. काहींच्या बाबतीत ही सोय काही महिन्यांपुरती असते, काहींच्या बाबतीत कायमची. स्टोमावर आपला ताबा राहत नाही, म्हणून पिशवी लागते. सर्व पिशव्या सारख्या नसतात. निवडताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

१) बाहेर काय येते?

मोठ्या आतड्याचा स्टोमा (कोलोस्टॉमी) बहुधा पोटाच्या डाव्या बाजूस असतो व त्यातून घट्टसर मळ येतो. येथे बंद तोंडाची पिशवी चालते. ती भरली की काढून कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकावी, संडासात टाकू नये. मात्र रोज नवी पिशवी लागत असल्याने खर्च वाढतो. खालून उघडणारी पिशवीही येथे चालते.

लहान आतड्याचा स्टोमा (इलिओस्टॉमी) बहुधा उजव्या बाजूस असतो. त्यातून दिवसभर पातळ मळ येत राहतो व त्यातील पाचकरस कातडी अक्षरशः भाजून काढतात. येथे खालून उघडणारी, चिमटा किंवा घडी घालून बंद होणारी पिशवीच हवी. दिवसातून चार ते सहा वेळा ती रिकामी करावी लागते.

लघवीच्या स्टोमासाठी (युरोस्टॉमी) तोटी असलेली पिशवी मिळते. रात्री तोटीला नळी जोडून मोठी पिशवी लावली की झोपमोड होत नाही.

२) एक भाग की दोन भाग?

एका भागाच्या पिशवीत चिकटणारी चकती व पिशवी जोडलेली असते. ती पातळ असल्याने कपड्यांतून दिसत नाही. पण बदलताना दर वेळी कातडीवरून सोलावी लागते. दोन भागांच्या प्रकारात चकती तीन-चार दिवस पोटावर राहते व पिशवी तेवढी बदलता येते. कातडी नाजूक असेल तर हा प्रकार बरा. बोटांत ताकद कमी असेल किंवा नजर अधू असेल तर मात्र एका भागाची पिशवी सोपी पडते. स्टोमा आत ओढला गेला असेल तर मध्यभागी फुगीर असलेली चकती व कमरेचा पट्टा वापरल्यास गळती थांबते.

३) भोक मापाचे हवे

शस्त्रक्रियेनंतर स्टोमा सुजलेला असतो आणि सहा ते आठ आठवड्यांत आकसतो. म्हणून या काळात दर वेळी माप घेऊन चकतीचे भोक कापावे. ते स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठे असावे. भोक जास्त मोठे राहिले तर उघड्या कातडीवर मळ बसतो, कातडी सोलवटते आणि मग चकती चिकटतच नाही.

४) आपला दिवस कसा जातो?

वाकून काम करणाऱ्यांनी, मांडी घालून बसणाऱ्यांनी आणि परकर वा पायजम्याची नाडी बांधणाऱ्यांनी शक्यतो शस्त्रक्रियेपूर्वीच डॉक्टरांना सांगून स्टोमाची जागा आखून घ्यावी. उभे राहून, बसून व वाकून पाहिल्यावरच योग्य जागा ठरते. उन्हाळ्यात घामाने चकती लवकर सुटते, तेव्हा ती लवकर बदलावी. पिशव्यांचा साठा उन्हापासून दूर ठेवावा.

रोजची काळजी

पिशवी एक तृतीयांश ते निम्मी भरताच रिकामी करावी. जड पिशवी चकतीला ओढते. कातडी साध्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करावी. तेल, पावडर, स्पिरिट लावू नये. वायू साठला म्हणून पिशवीला टाचणीने भोक पाडू नये. चकतीखाली खाज किंवा आग होऊ लागली तर गळती सुरू झाली असे समजून ती लगेच बदलावी. वरून चिकटपट्टी लावून दिवस ढकलू नये.

इलिओस्टॉमीच्या रुग्णांनी पाणी कधीही तोडू नये व जुलाबाचे औषध घेऊ नये. पिशवी नेहमीपेक्षा जास्त भरू लागली तर नुसते पाणी पिऊन भागत नाही, मीठही भरून काढावे लागते. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून ते थोडे थोडे घ्यावे. पुसताना किंचित रक्त दिसले तर घाबरू नये. पण ओलसर लाल असलेला स्टोमा निळा किंवा काळा पडला, किंवा पिशवीत काहीच न येता पोट फुगून उलट्या होऊ लागल्या, तर तातडीने रुग्णालय गाठावे.

त्या गृहस्थांच्या घरच्यांनी दुकानात मिळाली ती बंद तोंडाची पिशवी आणली होती, आणि भोक शस्त्रक्रियेच्या वेळच्या मापानेच कापले जात होते. खालून उघडणारी पिशवी, नवे माप व कमरेचा पट्टा एवढ्या बदलाने पंधरा दिवसांत कातडी भरून आली. आता ते पोटभर जेवतात आणि शेतावरही जातात. आपल्या घरात असा रुग्ण जेवण टाळू लागला असेल तर त्याला रागावू नका. आधी त्याची पिशवी कोणती आहे ते पाहा आणि डॉक्टरांना दाखवा.