वाकलेला टाय रॉड सरळ करून घेऊ नकोस

आधी एक सांग, गाडी अजून त्या गॅरेजच्या दारातच उभी आहे ना? मग राहू दे तिथेच, चालवत घरी आणू नकोस. तू पाठवलेले फोटो मी मोठे करून पाहिले. एवढा बाक आलेला टाय रॉड घेऊन मुळशीहून इथवर आलीस, त्याबद्दल मी तुला रागावणार होते, पण आता ते राहू दे.

फोनवर तू सारखी म्हणत होतीस, "दगड लागला असेल गं." दगड नाही लागलेला. पुढे जाताना दगड लागला असता तर रॉड मागे ढकलला गेला असता आणि एका जागी रंग खरवडून लोखंड उघडं पडलं असतं. तुझा रॉड मधोमध पुढे ओढला गेलाय आणि त्यावर दोराचा वळ स्पष्ट दिसतोय. चिखलात रुतलीस, ट्रॅक्टरवाली पोरं मदतीला आली, खाली वाकल्यावर जी आडवी दांडी पहिल्यांदा हाताला लागली तिलाच त्यांनी दोर बांधला. पोरांचा हेतू चांगलाच होता. पण ती दांडी चाकं वळवण्यासाठी असते, गाडी ओढण्यासाठी नव्हे. यापुढे गाडी अडकली की मदत करणाऱ्याचे आभार आधी मान आणि दोर मात्र स्वतः बांध, चॅसीला पक्क्या केलेल्या हुकात. भर चिखलात गुडघ्यावर बसायची लाज वाटली तरी चालेल.

आता त्या दांडीचं काम काय ते नीट समजून घे, म्हणजे मिस्त्रीशी बोलताना तुझा आवाज खाली जाणार नाही. तुझ्या जिप्सीला पुढे सलग एक्सल आहे. हल्लीच्या थारसारखं दोन्ही चाकांचं वेगवेगळं सस्पेन्शन आणि रॅक-पिनियन इथे नाही. तू स्टेअरिंग फिरवलंस की स्टेअरिंग बॉक्समधून निघालेला पिटमन आर्म हलतो, तो ड्रॅग लिंकला ढकलतो, ड्रॅग लिंक एका चाकाचा नकल फिरवते, आणि त्या चाकाला दुसऱ्या चाकाशी बांधून ठेवतो तो टाय रॉड. दोन चाकांनी एकाच दिशेला बघायचं, एवढं सगळं त्या एका नळीवर अवलंबून असतं. नळी वाकली की तिची सरळ लांबी कमी होते. रॉड एक्सलच्या पुढे असेल तर चाकांची तोंडं आत वळतात, मागे असेल तर बाहेर. म्हणून गाडी रस्ता सोडून भटकत होती आणि टायरची कड करवतीसारखी हाताला लागत होती. तुला वाटलं तसा वारा नव्हता तो.

मिस्त्री काय म्हणाला तेही मला माहीत आहे. "मॅडम, गरम करून सरळ करून देतो, नवीन कशाला?" बहुतेक मिस्त्री हेच सांगतात आणि मनापासून सांगतात, कारण सरळ केलेला रॉड दिसायला खरंच सरळ दिसतो. पण एकदा दुमडलेली नळी त्या जागी कमजोर झालेली असते. वर गॅसने लाल केली की पोलादाची कारखान्यात आलेली ताकदही जाते. पुढच्या वेळी ती वाकेल की तुटेल हे कुणीच सांगू शकत नाही, आणि तुटली तर दोन्ही चाकं दोन दिशांना. वेल्डिंगने जोडून देतो म्हणाला तर वाद घालत बसू नकोस, किल्ली घे आणि दुसरं गॅरेज बघ. क्लच, सायलेन्सर, सीटकव्हर, जिथे हवी तिथे काटकसर कर. स्टेअरिंग आणि ब्रेकमध्ये नको.

एक अपवाद आहे. रानात, जिथे टो-ट्रक येऊच शकत नाही, तिथे रॉड थंडच ठेवून जॅकने किंवा पहारीने जमेल तेवढा सरळ करायचा, त्याला एखादा लोखंडी अँगल क्लॅम्पने घट्ट बांधायचा आणि चालण्याच्या वेगाने डांबरी रस्त्यापर्यंत यायचं. तिथून पुढे गाडी दुसऱ्या गाडीवर चढवूनच.

खरेदीला नाना पेठेत जाशील तेव्हा "जिप्सीचा टाय रॉड द्या" एवढ्यावर थांबू नकोस. 1985 पासूनच्या पहिल्या जिप्सीच्या चाकांमधलं अंतर कमी होतं. 1993 मध्ये ते 90 मिलिमीटरने वाढवलं आणि 1996 मध्ये 1.3 लिटरची जिप्सी किंग आली. आरसी बुकची प्रत आणि जुना रॉड दोन्ही सोबत ने, आणि काउंटरवर नवा जुन्याशेजारी ठेवून बघ. दोन्ही टोकांचे टाय रॉड एंडही नवे घे. ज्या ओढीने नळी वाकली ती ओढ त्या बॉल जॉइंटनीही सोसलीय. आणि हे दोन एंड एकसारखे नसतात: एकाला सुलटे आटे, दुसऱ्याला उलटे. दुकानातला पोरगा घाईत दोन्ही एकाच बाजूचे बांधून देतो, मग पुन्हा सगळा फेरा. नव्या एंडचा स्टड अंगठ्याने हलवून बघ. तो जड हलायला हवा. सैल लटकत असेल तर पाकीट कितीही चकचकीत असो, परत कर. स्प्लिट पिन नव्या घे. जुनी पिन सरळ करून परत घालणाऱ्याला मी मिस्त्री म्हणत नाही.

काम होताना तिथे उभी राहा. गाडी नुसत्या जॅकवर नको, एक्सलखाली घोडी हवी आणि मागच्या चाकांना ठोकळे. आदल्या दिवशीच नटांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवायला सांग. स्प्लिट पिन काढली, नट सैल केला तरी एंड सुटणार नाही, कारण त्याचा स्टड निमुळता असतो आणि नकलच्या भोकात घट्ट रुतून बसलेला असतो. इथे मिस्त्री उत्साहाने वरून नटावर घण घालायला लागतात. थांबव. पुलर असेल तर उत्तम. नसेल तर नट दोन आटे तसाच ठेवून, नकलच्या डोळ्याला बाजूने हातोडीचे दोन-चार कोरडे फटके बसले की स्टड टक् करून सुटतो. तो आवाज एकदा ऐकलास की विसरणार नाहीस.

नवा रॉड बसवण्याआधी दोन्ही एंड नळीत सारखेच आत गेलेत ना ते बघ. एका बाजूला भरपूर आटे आणि दुसऱ्या बाजूला जेमतेम चार, असं असेल तर ते धोक्याचं आहे. सुरुवातीची लांबी जुन्या रॉडवरून घेता येणार नाही, कारण तो आखूड झालाय. दोन्ही चाकं नजरेने सरळ करून अंदाजे लांबी धर, नेमकं नंतर होईल. नट टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्यावर आवळायला सांग. पिनेचं भोक जुळलं नाही तर नट पुढच्या खाचेपर्यंत आवळायचा, मागे सैल करायचा नाही. नट फिरताना स्टडही सोबत फिरायला लागला तर खालून जॅकने जॉइंट हलकेच दाबून धरायचा, थांबतो.

आता टो, म्हणजे चाकांची तोंडं. हे तू स्वतः खडू आणि टेपने तपासू शकतेस. गाडी सपाट जागी उभी कर, दोन्ही पुढच्या टायरच्या मागच्या बाजूला, एक्सलच्या उंचीवर, नक्षीच्या मधोमध खूण कर आणि दोन खुणांतलं अंतर मोज. मग गाडी पुढे ढकल, अर्धा फेरा, त्याच खुणा समोर येईपर्यंत. पुन्हा मोज. समोरचं अंतर मागच्यापेक्षा किंचित कमी हवं, काही मिलिमीटर. नेमका आकडा मॅन्युअलचा. जुळवायला रॉड काढावा लागत नाही. एका बाजूचे आटे उलटे असल्यामुळे नळी फिरवली की दोन्ही टोकं एकदमच आत किंवा बाहेर जातात. जुळलं की लॉकनट आवळायचे, पण त्याआधी दोन्ही एंड एकाच पातळीत आहेत का बघायला सांग. एक पुढे कललेला आणि एक मागे असेल तर खड्ड्यात चाक वर गेल्यावर जॉइंट अडकतो. ही गोष्ट दहातले नऊजण बघत नाहीत.

टो लागल्यावर गाडी सरळ जातेय पण स्टेअरिंगचा दांडा वाकडा दिसतोय, असं झालं तर ते ड्रॅग लिंकच्या लांबीने जुळवायचं. सोपं म्हणून मिस्त्री स्टेअरिंग व्हील काढून सरळ बसवून देतो. तसं करू देऊ नकोस. बॉक्सचा मध्य बाजूलाच राहतो, आणि नेमक्या सरळ रस्त्यावर स्टेअरिंगमध्ये नको तेवढा प्ले येतो.

शेवटी तू गाडीत बस, मिस्त्रीला खाली बघायला लाव. चाकं जमिनीवर असताना स्टेअरिंग डावी-उजवीकडे थोडंथोडं हलव. प्रत्येक जॉइंटवर हात ठेवून त्याने बघायचं: दांडी हलते आणि नकल एक क्षण उशिरा हलतो, असं कुठे होतंय का. मग जागा बदला, तू खाली जा. स्वतः बघ. ड्रॅग लिंकचे एंड आणि पिटमन आर्मही त्याच वेळी तपासून घे, ओढ तिथवरही गेलेली असू शकते. साधारण शंभर किलोमीटर झाल्यावर नट आणि पिना पुन्हा एकदा बघ, आणि ग्रीस निपल असतील तर दर पावसाळ्यानंतर ग्रीस.

आणि तो जुना रॉड गॅरेजच्या कोपऱ्यात सोडून येऊ नकोस. तुझ्यासमोर ग्राइंडरने त्याचे दोन तुकडे करून घे आणि मगच भंगारात दे. नाहीतर तो सरळ होऊन, काळा रंग लावून दुसऱ्या कुणाच्या तरी जिप्सीखाली जाईल.