दिवसाच्या कामांची यादी

काम करणारी माणसे पुष्कळ असतात. परंतु कोणते काम आधी करावे आणि कोणते मागून करावे, हे ठरवून कामास लागणारी माणसे त्या मानाने थोडी. पहिल्या प्रकारचा मनुष्य समोर दिसेल ते काम हाती घेतो, मध्येच दुसरे आठवले की पहिले टाकून देतो, आणि दिवस मावळताना ‘एवढे राबूनही हातून काही झाले नाही’ म्हणून कष्टी होतो. दुसरा मनुष्य आदल्या संध्याकाळीच उद्याच्या कामांची यादी करून ठेवतो. अशा साध्या यादीवर केवढा मोठा व्यवहार चालतो, हे पाहावयाचे असेल, तर साखर कारखान्याच्या गळीत हंगामाकडे पाहावे.

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात लोणी हे गाव आहे. तेथील शेतकरी विठ्ठलराव विखे पाटील यांनी आसपासच्या शेतकऱ्यांना एकत्र आणले. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले, आणि १९५०-५१ च्या हंगामात शेतकऱ्यांच्या मालकीचा सहकारी साखर कारखाना प्रवरानगर येथे सुरू झाला. पुढे जिल्ह्यात असे अनेक कारखाने उभे राहिले.

अशा कारखान्याचे सभासद हजारांनी असतात. आपला ऊस वेळेवर तुटावा, असे प्रत्येकालाच वाटते. ऊस पक्व होण्याआधी तोडला, तर त्यात साखर कमी भरते. पक्व झाल्यावर फार दिवस उभा राहिला, तर त्यास तुरा येतो आणि साखर घटू लागते. तोडलेला ऊस तर मुळीच वाट पाहत नाही. त्यातील पाणी उडून वजन कमी होते, आणि रसातील साखरेचे रूप पालटून तिचे दाणे बनेनासे होतात. म्हणून तोडलेला ऊस शक्यतो चोवीस तासांच्या आत गाळला जावा लागतो.

ही अडचण यादीने सुटते. लागवड होताच शेतकरी कारखान्याकडे उसाची नोंद करतो. गाव, शेताचे क्षेत्र, उसाची जात आणि लागवडीची तारीख त्या नोंदीत असते. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू, खोडवा अशा लागवडींचा पक्व होण्याचा काळ निरनिराळा असल्यामुळे, तारीख पाहून आणि उसाची पक्वता तपासून तोडणीचा क्रम लावतात. त्या क्रमातून रोजचा तोडणी कार्यक्रम निघतो. चिटबॉय शेतकऱ्यास चिठ्ठी देतो; मुकादम आपली टोळी नेमून दिलेल्या शेतात नेतो. शेजारच्या बीड जिल्ह्यातून आणि पाथर्डीसारख्या कोरडवाहू तालुक्यांतून आलेली ही कष्टाळू माणसे पहाटेच्या थंडीत कोयते घेऊन कामाला लागतात.

या यादीत कामे किती लिहावीत, यालाही हिशेब आहे. समजा, एखादा कारखाना दिवसाला पाचशे टन ऊस गाळतो. त्या दिवशी सातशे टनांची तोड लावली, तर दोनशे टनांच्या गाड्या आवारात खोळंबतील, बैल ताटकळतील आणि ऊस वाळेल. तीनशे टनांचीच लावली, तर गव्हाण रिकामी पडेल आणि चालू यंत्रे उसासाठी थांबतील. झेपेल तेवढेच, पण झेपेल तेवढे सगळे, हे या यादीचे माप आहे.

कधी यादी बदलावीही लागते. अवकाळी पाऊस झाला, की काळ्या रानातून गाडी निघत नाही. एखाद्याच्या फडाला आग लागली, तर तो जळीत ऊस आधी तोडावा लागतो. कारण तो फार लवकर खराब होतो. अशा वेळी ज्याची पाळी पुढे गेली, तो शेतकरी मनाची समजूत घालतो. परंतु ओळखीच्या माणसासाठी कोणी मध्येच नाव घुसडले, तर ज्याचा ऊस शेतात वाळतो आहे आणि ज्याच्या गव्हाची पेरणी लांबते आहे, त्याने समजूत कशी घालावी? तेथे केवळ कागदावरचा क्रम मोडत नाही, माणसाचा विश्वास मोडतो. म्हणून यादी करणाराच्या अंगी हुशारीइतकाच प्रामाणिकपणाही लागतो.

हाच नियम कचेरीतील कारकुनाला, दवाखान्यातील परिचारिकेला आणि दुकानदारालाही लागू पडतो. वाट पाहू न शकणारे काम वर लिहावे; आपल्या शक्तीबाहेर कामे लिहू नयेत; झालेले काम खोडावे आणि राहिलेले दुसऱ्या दिवशी विसरू नये. आवडीचे काम वर आणि कंटाळवाणे खाली, असे करणे म्हणजे आपणच आपल्या यादीत ओळखीच्या माणसाचे नाव घुसडणे होय.

आता कारखान्यांतील नोंदी संगणकावर होतात. साधन बदलले; तरी आधी कोणाची पाळी, हे ठरविण्याची जबाबदारी माणसाचीच राहिली आहे. रात्री गव्हाणीत उसाच्या मोळ्या पडत असतात, तेव्हा उद्या कोणत्या रानात कोयता लागावयाचा, हे आधीच ठरलेले असते.

स्वाध्याय

१. तोडलेला ऊस लवकर का गाळावा लागतो?
२. पाचशे टनांच्या कारखान्यास सातशे टनांची तोड लावली, तर काय होईल?
३. यादीतील क्रम केव्हा बदलणे योग्य आणि केव्हा अयोग्य, ते सकारण सांगा.
४. उद्याच्या आपल्या कामांची यादी करा. प्रत्येक काम त्या जागी का लिहिले, ते एकेका वाक्यात लिहा.