राणी एलिझाबेथ द्वितीय यांचे निधन : एक चिंतन

८ सप्टेंबर २०२२ रोजी स्कॉटलंडमधील बाल्मोरल येथे ब्रिटनच्या राणी एलिझाबेथ द्वितीय यांचे निधन झाले. त्या ९६ वर्षांच्या होत्या. त्यांनी ७० वर्षांहून अधिक काळ राज्य केले. ब्रिटनच्या इतिहासात इतका काळ दुसऱ्या कोणीही गादीवर नव्हते.

आयुष्याचा धावता आढावा

जन्म २१ एप्रिल १९२६. दुसऱ्या महायुद्धात राजकन्या असूनही त्या लष्कराच्या महिला दलात गेल्या आणि ट्रक चालवायला, दुरुस्त करायला शिकल्या. १९४७ मध्ये एकविसाव्या वाढदिवशी त्यांनी सांगितले, की आयुष्य लहान असो वा मोठे, ते सेवेसाठीच असेल. ६ फेब्रुवारी १९५२ रोजी वडील गेले तेव्हा त्या केनियात होत्या. जाताना राजकन्या होत्या, परतल्या त्या राणी होऊन!

शब्द पाळणे म्हणजे काय?

मला सगळ्यात जास्त आठवतो तो ६ सप्टेंबरचा फोटो. हातात काठी, चेहऱ्यावर हसू, आणि समोर नव्या पंतप्रधान लिझ ट्रस. चर्चिल यांच्यापासून मोजले तर त्या पंधराव्या पंतप्रधान. दोनच दिवसांनी राणी गेल्या. वयाच्या एकविसाव्या वर्षी दिलेला शब्द शहाण्णवाव्या वर्षापर्यंत पाळणे ही काही सोपी गोष्ट नाही. आपण तर एक जानेवारीचा संकल्प संक्रांतीपर्यंतही टिकवत नाही!

आपण दुःख का मानायचे?

भारत सरकारने ११ सप्टेंबरला एक दिवसाचा दुखवटा पाळला. तेव्हा वर्गात एका मुलाने विचारले, "सर, इंग्रजांनी आपल्यावर राज्य केलं, मग आपण का?" प्रश्न अगदी रास्त आहे. एक लक्षात घ्या, त्या भारताच्या राणी कधीच नव्हत्या. त्या गादीवर आल्या तेव्हा आपण प्रजासत्ताक होऊन दोन वर्षे झाली होती. पण ज्या मुकुटाने आपल्यावर राज्य केले, तोच त्यांच्या डोक्यावर होता. १९९७ मध्ये त्यांनी जालियनवाला बागेत पुष्पचक्र वाहिले, मान झुकवली. माफी मात्र मागितली नाही. ही सल आजही आहे, आणि ती लपवायचे कारण नाही.

दुसरीकडे गांधीजींकडे पाहा. १९४७ मध्ये याच राजकन्येच्या लग्नात त्यांनी स्वतः कातलेल्या सुताचे विणलेले वस्त्र भेट पाठवले. त्यावर 'जय हिंद' होते. ज्या सत्तेने त्यांना वर्षानुवर्षे तुरुंगात ठेवले, त्या घरातल्या मुलीला त्यांनी आशीर्वाद दिला; पण देशाचे नाव विसरून नाही.

मला वाटते, उत्तर इथेच आहे. माणूस गेला की मान झुकवावी, आणि इतिहास मात्र ताठ मानेने सांगावा. दोन्ही एकाच वेळी करता येते.

विचार करा व लिहा

१. राणींचा कोणता गुण तुम्हाला घ्यावासा वाटतो? का?
२. जालियनवाला बागेत त्यांनी माफी मागायला हवी होती का? तुमचे मत आठ-दहा ओळींत लिहा.